प्रवेश सर्वांसाठी खुला

"मावशी, हे कप उचला ना जरा."

ब्लेझर घातलेला, छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला लावलेला पोरगा माझ्या मायला सांगत होता. माय ठेवणीतलं पातळ नेसून तिसऱ्या रांगेत बसली होती. ती उठली. कप गोळा करू लागली.

मी मंचावर होते, कोपऱ्यातल्या खुर्चीत.

विद्यापीठाचं खुलं चर्चासत्र होतं, अमरावतीला. विषय, संत्र्याच्या शेडमध्ये माल निवडणाऱ्या बाया. माझी माय वरूडच्या शेडमध्ये हेच काम करते. बायांच्या मुलाखती मी घेतल्या. विभागातल्या माझ्या सरांनी माझ्या टिपणांवरून आपला निबंध केला. "मुलाखती तू घेतल्यास, तर आभारही तूच मान," असं म्हणाले. मला तो मान वाटला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मान कोणता आणि काम कोणतं, हे मला उशिरा कळतं.

पत्रिकेवर छापलं होतं, प्रवेश सर्वांसाठी खुला. मी ते खरं धरलं. मायला एसटीत बसवलं.

"मले कायले नेतं वं? मले काय समजन त्यातलं?"

"तुह्यावरच तर हाय," मी म्हटलं.

दिवा लागला. शाली झाल्या. नारळ झाले. प्रत्येक पाहुणा दुसऱ्या पाहुण्याला थोर म्हणाला. मग सर उठले आणि पडद्यावर मायचा फोटो आला. मीच काढलेला. तेव्हा तिनं हातातलं संत्रं खाली ठेवून पदर नीट केला होता. फोटोखाली लिहिलं होतं, स्त्री-श्रमाचा प्रातिनिधिक चेहरा. नाव नाही. नाव मी दिलं होतं.

सर म्हणाले, "या महिलांचं आजवर कुणी ऐकूनच घेतलं नाही."

मागे कपावर कप वाजला.

सर थांबले. "मागे जरा शांतता ठेवा."

भिंतीएवढा चेहरा बघून लोक माना डोलावत होते. तोच चेहरा कप घेऊन शेजारून गेला, तर कुणी पायसुद्धा आवरले नाहीत. एवढी ती विद्वत्ता.

माझं नाव पुकारलं. मी बोलताना अडखळते. तशीच अडखळले.

"पडद्यावर होती ती माझी माय आहे. ती इथंच आहे. तुमचे कप घेऊन दाराशी उभी आहे. तिची खुर्ची तिला द्या. मग आभार मानते."

तिच्या खुर्चीवर एका पाहुण्याची शाल आणि नारळ ठेवलेला होता. ते कुणी उचललं नाही. कुणीतरी हसलं. सरांनी माझ्या हातातला माईक घेतला आणि स्वतःच आभार मानले. चहावाल्याचेही मानले.

नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "भावनेच्या भरात संशोधन होत नसतं. पुढे पीएचडी करायची आहे ना तुला?"

परतीच्या एसटीत माय म्हणाली, "कावून बोलली वं? कप उचलल्यानं हात झिजते का?"

मोर्शी आल्यावर तिनं विचारलं,

"पण माह्यं नाव कावून नाही लिहिलं त्याइनं?"

 त्यांना हा प्रश्नच पडलेला नाही.

मुलाखतींची रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये आहेत. सरांनी दोनदा मागितली. दिली नाहीत. आता माझा निबंध मी लिहीन. ज्या बाया हो म्हणतील त्यांच्या नावासकट. आधी शेडमध्ये वाचीन, मग तुमच्या चर्चासत्रात.

पुढच्या चर्चासत्राची पत्रिका आली आहे. अकोल्याला आहे. खाली तीच ओळ छापली आहे. माय आणि मी जाणार आहोत. पहिल्या रांगेत बसणार आहोत. कप जिथे असतील तिथेच राहतील.