सुनंदा त्या दिवशी काय म्हणाली

हे मी कोणापाशीच बोललेलो नाही. भावापाशी नाही, बोटीवरच्या जुन्या मित्रांपाशी नाही. आणि जिच्यापाशी बोलायला हवं होतं तिच्यापाशी तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही सुनंदाला ओळखत नाही म्हणून.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बोटीवरची नोकरी सोडून मी सिंगापूरला जहाजदुरुस्तीच्या एका कंपनीत इंजिनीअर म्हणून लागलो होतो. तिथल्या बिशान भागात भाड्याचा फ्लॅट, नवीन लग्न. सुनंदा, माझी बायको, इचलकरंजीची, विणकराची मुलगी. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, समोरच्या माणसाचा शर्ट चौकडीचा असला की ही डोळे बारीक करून त्यातले धागे मोजत बसायची. मला कसंसंच व्हायचं. लाज वाटायची? की दुसरंच काही? आजही नीट सांगता येत नाही.

माझे वरिष्ठ डंकन साहेब स्कॉटलंडचे. पन्नाशीचा, एकटा माणूस. एका रविवारी दुपारी त्यांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं आणि जेवणानंतर एका जुन्या युद्धपटाची कॅसेट लावली. पडद्यावर स्कॉटिश पलटण चालली होती. गुडघ्यापर्यंतचे, घागऱ्यासारखे चौकडीचे किल्ट, हिरवा-निळा रंग. साहेबांनी चित्र थांबवलं. कपाटातून पंज्याएवढा एक काळा-पांढरा फोटो काढून सुनंदाच्या हातात दिला. किल्ट घातलेला एक तरुण सैनिक.

"माझे वडील," साहेब म्हणाले.

आईशी त्यांचं लग्न झालं नव्हतं. आईने नावही कधी सांगितलं नाही. प्रत्येक पलटणीची चौकडी वेगळी असते; लहानपणी या सिनेमात फोटोतल्यासारखीच चौकडी दिसली तेव्हाच साहेबांनी ठरवलं होतं की हीच वडिलांची पलटण. आता ते त्या पलटणीच्या म्हाताऱ्या सैनिकांना पत्रं लिहायला लागले होते. कोणीतरी चेहरा ओळखेल. वडील असतीलही अजून, कोणी सांगावं? सुनंदाला मी हे सगळं मराठीत सांगितलं.

सुनंदा फोटो खिडकीपाशी घेऊन गेली. बराच वेळ बघत राहिली. मग पडद्याकडे बघितलं, परत फोटोकडे. मला मराठीत म्हणाली, "अहो, हे ते कापड नाही. फोटोतल्या चौकडीत मधून एक बारीक फिकट रेघ गेलीय. सिनेमातल्या कापडात ती नाहीच. सांगा ना त्यांना."

साहेबांनी विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "कापड फार सुंदर आहे म्हणतेय."

का? साहेबांना घाबरलो? माझ्या बढतीचं चालू होतं खरं—पण त्या क्षणी बढती डोक्यात होती का? नव्हती. की माझ्या बायकोला माझ्यापेक्षा जास्त दिसतं, हेच नको होतं मला? मी फोटोत रेघ शोधली. मला दिसली नाही. म्हणून ती नाहीच, असं धरून चाललो? प्रत्येक वेळी वेगळं उत्तर येतं, आणि एकही खरं वाटत नाही.

साहेब खूश झाले. सुनंदा माझ्याकडे बघत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण "ब्यूटिफुल" कुणाला कळत नाही? परतताना ती एवढंच म्हणाली, "त्यांना पटलं का?" मी म्हणालो, "बघतील ते." म्हणजे हे दुसरं खोटं. ते तर मी विसरूनच गेलो होतो—आत्ता लिहिताना आठवलं.

त्यानंतर दोन वर्षं साहेब पत्रं लिहीत राहिले. कोणी चेहरा ओळखला नाही.

मग एकदा ते सुट्टीवरून परतले आणि संध्याकाळी थेट आमच्या घरी आले. एका म्हाताऱ्या सैनिकाने भिंगाखाली फोटो धरून सांगितलं होतं की ही आमची पलटणच नाही, यात रेघ आहे. फोटो दुसऱ्या पलटणीकडे गेला. तिथे तो पंधरवड्यात ओळखला गेला. वडील चार महिन्यांपूर्वी वारले होते.

साहेब रडत नव्हते. त्यांनी फक्त विचारलं, "तुझ्या बायकोने त्या दिवशी फोटो फार वेळ पाहिला होता. तिला काही दिसलं होतं का?"

सुनंदा चहाचा ट्रे घेऊन माझ्या मागेच उभी होती.

"नाही, साहेब," मी इंग्रजीत म्हणालो. "तिला यातलं काय कळणार? गावाकडची आहे ती."

सुनंदाने ट्रे टेबलावर ठेवला. "वन शुगर ऑर टू, मिस्टर डंकन?" तिने विचारलं. स्वच्छ, सावकाश. वर्षभर ती कम्युनिटी सेंटरमध्ये इंग्रजीच्या वर्गाला जात होती. मला वाटायचं, वेळ घालवायला जाते.

साहेबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं का? माहीत नाही. ती रेघेबद्दल का बोलली नाही त्या वेळी? मला वाचवलं, की त्यांना? तेही माहीत नाही. चहा पिऊन ते गेले. पुढच्या वर्षी निवृत्त होऊन मायदेशी गेले. मी कधी पत्र लिहिलं नाही.

सुनंदाने तो विषय पुन्हा काढला नाही. मीही नाही. पण तेव्हापासून चार माणसांत कोणी तिला काही विचारलं आणि मी तिच्या वतीने बोलायला लागलो, की ती मला पुरं बोलू देते. शांतपणे ऐकते. मग त्या माणसाकडे वळून स्वतःच्या तोंडाने पहिल्यापासून सांगते.