झेंडा शिवणारी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या माझ्या मुलीला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता लपवून ठेवायचाही थकवा आलाय — तेवढंच असेल.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. कोकणात आमच्या लोकांना शनवारतेली म्हणत, कारण आमचे तेलाचे घाणे शनिवारी बंद असायचे. माझं लग्न भायखळ्यात झालं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ह्यांना लंडनला पोस्टात काम मिळालं, आणि आम्ही आमच्या लहानग्या हॅनाला घेऊन आलो. घर घेतलं ते लंडनच्या एजवेअर भागात. तिथे ज्यू लोक पुष्कळ, आपल्या माणसांत राहू असं वाटलं.

पहिल्याच शनिवारी सिनेगॉगमध्ये एका बाईंनी मला हळूच विचारलं, तुम्ही धर्म कधी बदललात? मी म्हटलं, बदलला नाही हो, आम्ही पिढ्यान् पिढ्या हेच आहोत. त्या हसल्या, गोड हसल्या. पण त्यानंतर दर सणाला कुणीतरी नव्याने विचारायचंच. लग्नाचे कागद आहेत का, भारतात खरंच ज्यू असतात का. मुंबईत मी कोण हे मला कधी कुणाला पटवून द्यावं लागलं नव्हतं. इथे द्यावं लागत होतं, तेही आपल्याच लोकांना. — हे मी सबब म्हणून सांगत नाही. किंवा सांगत असेन. तुम्ही तसं धरू नका.

आमच्या शेजारी फिलोमीन राहायची. सेंट लुशिया नावाच्या बेटावरची, काळी, उंच, आवाजाने मोठी. नवरा बसवर कंडक्टर. ती पहाटे इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला जायची आणि दुपारी घरी असायची. तिची मुलगी मार्वा आणि आमची हॅना एकाच वर्गात. मी शिलाईच्या कारखान्यात होते, मला यायला संध्याकाळ व्हायची. तेव्हा शाळेतून हॅना तिच्याकडेच जायची, आणि हे काही महिने नव्हे, वर्षानुवर्षं चाललं. आम्ही काय खात नाही हे फिलोमीनने एकदाच विचारून घेतलं. डुक्कर नाही, कोळंबी-खेकडे नाहीत, मटणाबरोबर दूध नाही. त्यानंतर हॅनासाठी तिने एक पातेलं वेगळं ठेवलं, त्याला मार्वालाही हात लावू द्यायची नाही. सिनेगॉगमधल्या बायका माझ्याकडचा चहा घ्यायला कचरायच्या, आणि ही बाई माझ्या मुलीचं पातेलं जपायची.

तर, नाटक.

फिलोमीनच्या आणि आसपासच्या बेटांवरून आलेली मंडळी रविवारी चर्चच्या हॉलमध्ये जमायची. शाळेत आपल्या पोरांना आपलं काहीच शिकवत नाहीत, असं त्यांच्या मनात होतं. म्हणून फिलोमीनने मुलांचं नाटक बसवायचं ठरवलं — हैतीचं. हैती कुठे आहे हे मला माहीतही नव्हतं. हॅनानेच जेवताना मला सगळं सांगितलं. फ्रेंचांचे उसाचे मळे, त्यावर राबायला आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं, ती काही वर्षांत मरून जायची, मग नवी आणायची. एके दिवशी ती माणसं उठली. मळे पेटवले. मग वर्षानुवर्षं लढली, फ्रेंचांना हरवलं, मध्ये इंग्रजांनी सैन्य पाठवलं त्यालाही हरवलं. हे इथल्या शाळेत सांगत नाहीत, असं फिलोमीन आंटी म्हणते, हॅना म्हणाली. आणि त्यांनी स्वतःचा देश केला. पुढे फ्रेंचांनी त्या देशाकडून नुकसानभरपाई घेतली, आमचे गुलाम गेले म्हणून, आणि ती फेडता फेडता त्यांच्या कित्येक पिढ्या कंगाल झाल्या. हॅनाला ते काही केल्या समजत नव्हतं. ज्यांना पळवून नेलं त्यांनीच भरपाई कशी द्यायची?

फिलोमीनच्या बेटावरची बोली हैतीतल्यासारखीच, त्यामुळे तिथली गाणी तिला येत होती. मुलं ती गाणी पाठ करत होती. हॅनाला काम मिळालं होतं ते झेंडा शिवणाऱ्या मुलीचं. त्या लोकांच्या सेनापतीने फ्रेंचांचा झेंडा घेतला, मधला पांढरा पट्टा फाडून टाकला, आणि उरलेला निळा आणि लाल एका मुलीने शिवून जोडला, अशी तिकडे गोष्ट सांगतात. तुझी आई शिवते, तुला सुई धरता येते, म्हणून तूच, असं फिलोमीनने तिला सांगितलं होतं. हॅना माझ्या चिंध्यांवर धावदोरा घालत बसायची.

त्या वर्षी पेसाहच्या, म्हणजे मिसरमधून सुटकेच्या सणाच्या, रात्री ह्यांनी नेहमीप्रमाणे आमच्या मराठी पुस्तकातून वाचायला घेतलं — आम्ही मिसर देशात गुलाम होतो. हॅना मध्येच म्हणाली, हे तर हैतीसारखं आहे. ह्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि तिच्याकडून सगळी गोष्ट ऐकली. इतके खूश झाले. मी नाटकाला पहिल्या रांगेत बसणार म्हणाले. आणि मीही खूश होते, हे मला सांगितलंच पाहिजे. मीच तिचा झगा शिवायला घेतला होता. मला ते नाटक आवडत नव्हतं म्हणून मी काही केलं असं नाही. तसं असतं तर सोपं होतं.

मग सिनेगॉगमधल्या एका मोठ्या घरच्या बाईंनी हॅनाला त्यांच्या मुलीच्या वाढदिवसाला बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी हवेत होते. पुढच्या शनिवारी प्रार्थना झाल्यावर त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या मुलीला पाहिलं मी रस्त्यात. त्या कलर्ड मुलांबरोबर ढोल घेऊन चालली होती. तुमचं त्यांच्याशी काही नातं आहे का?"

त्यांच्या आवाजात काही खोच नव्हती. तब्येत विचारावी तसं विचारलं.

मी म्हटलं, "छे, छे. नुसते शेजारी."

एवढं बोलून थांबता आलं असतं. का नाही थांबले? त्या दिवसांत पेपरात रोज असायचं — या कलर्ड, म्हणजे गोरे नसलेल्या, लोकांचं करायचं काय. रस्त्यात शिवी घालणारा आम्हाला आणि फिलोमीनला वेगळं काढत नव्हता. मला वाटलं, निदान एका दारातून तरी आपण आत जाऊ. आणि त्या दाराशी उभं राहून कुणीतरी मोजत होतं की आम्ही कुणाबरोबर दिसतो.

घरी पोचेपर्यंत मी ठरवलं होतं, हॅनाला त्या नाटकात जाऊ द्यायचं नाही. नाटक रविवारी होतं. शनिवारी असतं तर आमच्या शब्बाथचं, विश्रांतीच्या दिवसाचं, निमित्त सांगितलं असतं, कुणालाच काही लागलं नसतं. मी जाऊ देत नाही, एवढं सरळ सांगायची हिंमत नव्हती. ह्यांनी कारण विचारलं असतं. हॅना रडली असती, भांडली असती. म्हणून मी असं काही शोधलं की ती भांडणारच नाही.

मी तिला म्हटलं, "फिलोमीन आंटी मला म्हणाली, हे आमच्या लोकांचं नाटक आहे. हॅना आमच्यातली नाही. तिला पाठवू नकोस."

हॅनाने हातातली चिंधी खाली ठेवली. ती इथेच वाढलेली, तिचं मराठी मोडकंतोडकं. म्हणाली, "ती मला नाही बोलली."

"तुला तोंडावर कसं बोलेल?"

"मम्मी, माझा काय चूक झाला?"

चूक झाली म्हणावं, हे मी नेहमी सुधारायचे. त्या दिवशी नाही सुधारलं.

हे सगळं मी ठरवून केलं. तोंडातून निसटलं असं नाही. जे ऐकून मला स्वतःला सर्वांत जास्त लागायचं — तुम्ही आमच्यातल्या नाही — तेच उचललं, आणि फिलोमीनच्या तोंडी घालून माझ्या मुलीला दिलं. वर्मी बसेल याची खात्री होती. माझ्यावर बसलेलं होतंच.

दुसऱ्या दिवशी फिलोमीनला कुंपणापाशी गाठलं. तिला सांगितलं, हॅनाला नाटकात यायचं नाही. तिला लाज वाटते. गुलाम व्हायचं नाही म्हणते. तिच्या हातात ओले कपडे होते. ते तिने परत बादलीत टाकले.

"तिला सांग," ती म्हणाली, "तिचं काम गुलामाचं नव्हतं. ती झेंडा शिवणार होती. तोवर तिथे कुणी गुलाम उरलंच नव्हतं."

मी सांगते म्हटलं. सांगितलं नाही.

ह्यांना मी एवढंच म्हटलं की पोरींचं काहीतरी बिनसलंय. हे एकटेच नाटकाला गेले, शब्द दिला होता म्हणून. परत आल्यावर म्हणाले, चांगलं झालं. दुसऱ्या एका मुलीने झेंडा शिवला, पण टाके दिसत नव्हते. फिलोमीनने त्यांना पुढे नेऊन बसवलं आणि हॅना बरी आहे ना विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पेपर उघडला. त्यांना काही कळलं होतं का? मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही, त्यांनीही नाही.

हॅना शेजारी जायची बंद झाली. मी तिला घराची किल्ली दिली. मार्वा बरेच दिवस दार वाजवून बघायची, हॅना उघडायची नाही. त्या वाढदिवसाला मात्र ती गेली. परत आली तेव्हा कसं झालं विचारलं तर म्हणाली, ठीक होतं. पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. त्या दाराच्या आत मी कधी गेले नाही — म्हणजे ज्यासाठी केलं तेही झालं नाही. पण झालं असतं तर काय, बरं वाटलं असतं? कदाचित वाटलंही असतं. मी स्वतःबद्दल आता फार काही चांगलं धरून चालत नाही.

सत्तरच्या दशकात आम्ही लंडनबाहेर नव्याने वसणाऱ्या मिल्टन कीन्सला गेलो, तेव्हा ते शहर नुसते गोल चौक आणि चिखल होतं. हॅना कॉलेजात गेली. त्या वेळी गोऱ्या टोळक्यांनी पोरांना मारण्याचे प्रकार वाढले होते, आणि तिच्या कॉलेजातली आशियाई आणि काळी मुलं मिळून मोर्चा काढणार होती. ह्यांनी तिला विचारलं, तू जाणार का? ती म्हणाली, नाही. ती लोकं गरजेपुरतं आपल्याला धरतात, पप्पा, शेवटी आपण त्यांच्यातले नसतोच. मला लहानपणीच कळलंय ते.

मी भांडी घासत होते. नळ चालू होता. मी घासत राहिले.

त्यानंतर थोड्याच काळाने हे गेले. आमच्यात घरातल्यांनी सात दिवस जमिनीवर बसायचं असतं, लोक भेटायला येतात. फिलोमीनला कुठून कळलं कोण जाणे. एजवेअरहून ट्रेन आणि मग बस करून ती एकटी आली. भेटायला येणारे खुर्चीवर बसतात. ती माझ्याशेजारी जमिनीवर बसली. केस पांढरे झाले होते, गुडघे दुखत असावेत, बसताना तिने भिंतीचा आधार घेतला. ह्यांच्याबद्दल चांगलं बोलली. मग हॅनाचं विचारलं. हॅना वर होती. मी हाक मारली, तर डोकं दुखतंय म्हणून वरूनच सांगितलं. फिलोमीनने मान हलवली, जणू तिला तेच अपेक्षित होतं.

मग ती हळू आवाजात बोलायला लागली. एवढ्या वर्षांत मी तिचा आवाज इतका लहान ऐकला नव्हता.

"ते नाटक माझ्या मनातून जात नाही," ती म्हणाली. "लहान पोर होती. गुलामांच्या गोष्टीत मी तिला ओढायला नको होतं. तिला लाज वाटली ती माझ्यामुळे. तेव्हाच येऊन बोलायला हवं होतं, पण मला राग आला होता. मला माफ कर."

खोलीत आम्ही दोघीच होतो. हॅना एका जिन्याच्या अंतरावर. ह्यांना आता काही कळणार नव्हतं. मला कुणाची भीती होती? सांगा ना — कुणाची होती?

मी तिच्या हातावर हात ठेवला.

"जाऊ दे, फिलोमीन," मी म्हटलं. "मी केव्हाच माफ केलंय तुला."

ती रडली. मला थँक यू म्हणाली. मग भिंतीला धरून उठली, कोट चढवला, आणि दार तिचं तिनेच उघडून गेली. त्या सात दिवसांत पाहुण्यांना पोचवायला उठायचं नसतं. मी नियम पाळला.