नाताळच्या गाण्याला वन्समोअर

मंडळी, वाचनालयाची ही आळीपाळीने लिहायची वही आज फिरत फिरत माझ्याकडे आली, आणि लिहिण्यासारखं आज सकाळीच घडलंय.

शेजारचे रहीमभाई अत्तरवाले आणि मी नाताळचं गाणं ऐकायला इथल्या, वाशीमच्या चर्चमध्ये गेलो होतो. बाकाच्या ऐन मध्यात बसलो, दोन्ही बाजूंनी माणसांची दाटी.

गाणं सुरू झालं. शाळेत आम्ही सगळी मुलं कविता एका सुरात म्हणायचो, त्याहून गोड काही नाही असं मला आजवर वाटायचं. इथं बायकांचा सूर वर, पुरुषांचा खाली, आणि गाणं मात्र एकच. माझे डोळे भरून आले.

गाणं संपलं. सगळं चर्च शांत. तेवढ्यात रहीमभाईंनी संगीत नाटकातल्यासारखी आरोळी ठोकली, "वन्समोअर!"

सगळ्या माना वळल्या. पाद्रीबाबांनी विचारलं, "कोण बोललं?"

खरं सांगतो, माझ्याही ओठांवर तेच होतं. पण मी मान खाली घातली. उठून जावं तर वाट नाही. रहीमभाई एकटेच उभे राहिले, हात जोडून माफी मागितली आणि खाली बसले.

परतताना ते म्हणाले, "नाना, तुमाले गाणं नाही आवडलं काय?"

"लय आवडलं."

"मंग मले एकट्याले काहून उभं राहू देलं?"

तेवढ्यात माझं घर आलं, आणि मी आत शिरलो. उद्या सकाळी ते नेहमीसारखे चहाला येतील. मंडळी, त्यांना काय सांगू?