खिडकीजवळची कॉट

"चला, आता थोडा वेळ सरकार तुमच्याशिवाय चालू दे," असं म्हणत ते ॲक्युपंक्चरची शेवटची सुई डोक्यावर, टाळूला लावायचे आणि पडदा ओढून निघून जायचे. सुरुवातीला दोन्ही तळहात एकमेकांवर खसाखसा चोळून माफी मागायचे, "हात गार आहेत हं माझे." जूनमध्येसुद्धा ते हात गारच असायचे. ते गेले, त्यालाही आता बरेच दिवस झाले. पण ऑफिसच्या मीटिंगमध्ये कुणी आवाज चढवला, की माझ्या अंगठ्याजवळच्या खळग्यात तो गार स्पर्श अजून होतो. मी चटकन मागे वळून बघतो. मागे कुणी नसतं.

दिल्लीत आर. के. पुरमच्या बाजारात, पहिल्या मजल्यावर त्यांची ॲक्युपंक्चरची खोली होती. खाली शिंप्याचं दुकान. नवा माणूस "सुईवाले कहाँ बैठते हैं?" असं विचारत आला, की शिंपी आधी त्याच्या हातात कापड आहे का ते बघायचा, मग चेहरा बघायचा आणि म्हणायचा, "ऊपर जाइए." चेहऱ्यावरून बांधलेला त्याचा अंदाज सहसा चुकत नसे.

ते मूळचे सातारचे, पण सगळी हयात केंद्राच्या नोकरीत गेलेली. बायको वारल्यावर त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि ही विद्या रीतसर शिकून घेतली. आम्ही त्यांना डॉक्टर म्हणायचो. ते लगेच दुरुस्त करायचे, "डॉक्टर नव्हे. छातीत दुखलं तर माझा जिना चढायचा नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं."

येणारे बहुतेक पुरुषच. संसदेचं अधिवेशन सुरू झालं, की बाहेरच्या बाकावर जागा मिळायची नाही. "दिल्लीतल्या पुरुषाला दोनच आजार," ते म्हणायचे, "मान आणि ॲसिडिटी. तिसरा तो बायकोलासुद्धा सांगत नाही." मीही मान घेऊनच गेलो होतो. खरं म्हणजे मला रोज पहाटे जाग यायची ती दात आवळलेल्या अवस्थेत, आणि दिवसभर घरात सगळ्यांवर खेकसायचो. सुयांनी ताण जातो की नाही, ते जाणकारांनी सांगावं. मला तिथे झोप लागायची आणि त्या संध्याकाळी मी मुलीवर ओरडायचो नाही, एवढं मी सांगू शकतो.

आत गेलं की मोबाईल लाडवांच्या जुन्या स्टीलच्या डब्यात टाकायचा, असा नियम होता. झाकण लावलं तरी डबा टेबलावर गुरगुरत राहायचा. सुया लावलेल्या माणसाला उठता येत नाही. तो नुसता डब्याच्या दिशेने बघत राहतो, आणि हळूहळू बघणंही सोडून देतो.

आणि तुम्हाला सांगतो, मग कधी कधी एखादा रडायला लागायचा. उताणा निजलेला, हातांत सुया, डोळे पुसायचीही सोय नाही. पाणी सरळ कानात. ते पडद्याआड जाऊन रुमालाने त्याचे डोळे टिपायचे आणि जरा मोठ्यानेच म्हणायचे, "पंख्याची हवा लागतेय वाटतं डोळ्यांना. थांबा, बंद करतो." भिंतीवरचं बटण टक् टक् वाजायचं. भर जानेवारीतसुद्धा. जानेवारीत कुठला पंखा चालू असणार! पण शेजारच्या कॉटवरचा भला माणूस दुजोरा द्यायचा, "हाँ जी, हवा बहुत है." मी स्वतः एकदा तो पंखा बंद करून घेतला आहे.

खोलीत तीन कॉट होत्या. शनिवारी संध्याकाळी त्यातली खिडकीजवळची रिकामी असायची. बाहेर माणसं ताटकळत असली तरी ती कुणाला मिळायची नाही. ती मुलासाठी होती. एकुलता एक मुलगा, गुरुग्रामच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. "बोलतो तेव्हासुद्धा त्याचा जबडा सुटत नाही," ते सांगायचे. "जगाच्या माना मोकळ्या करतोय मी, घरचीच अडकून बसलीय." मुलगा फोनवर म्हणायचा, "पुढच्या शनिवारी पक्का, बाबा." मग त्या कॉटवर धुतलेली चादर यायची.

एका शनिवारी मुलगा खरोखरच निघाला होता. त्या दिवशी ते सारखे खिडकीशी जात होते. माझ्या सुया त्यांनी भराभर काढल्या. मी बाजारातून भाजी घेतली, दोन शेजाऱ्यांशी गप्पा मारल्या आणि घरी येऊन चहाला बसलो, तर बायको म्हणाली, "अहो, डोक्यात काय चमकतंय तुमच्या?" टाळूवरची सुई तशीच होती. अख्ख्या सेक्टरातून मी ती तुऱ्यासारखी मिरवत आलो होतो.

हसतच परत गेलो. वर पाहतो तर पडदे बाजूला सारलेले, कॉट सरकवलेल्या, आणि ते गुडघ्यांवर बसून दोरीला बांधलेलं लोहचुंबक फरशीवरून ओढत होते. खर्र, खर्र. काढलेल्या सुया मोजून ठेवायची त्यांची शिस्त होती. एक कमी भरली होती.

मी सुई पुढे केली. ते उठून खिडकीजवळच्या कॉटवर बसले. त्या कॉटवर कुणाला बसलेलं मी प्रथमच पाहत होतो.

"माझं लक्ष जिन्याकडे होतं," ते म्हणाले. "अर्ध्या वाटेवर आला होता हो. ऑफिसचा फोन आला, फिरला परत." मग चादर सारखी करत म्हणाले, "त्याला कुठल्या तोंडाने बोलू? त्याची आई हॉस्पिटलात होती, तेव्हा मीही म्हणालो होतो, एवढी फाईल क्लिअर करून निघतो. पोचलो तेव्हा ती गेली होती. पोरगा एकटा तिच्याजवळ. तेव्हापासून दात आवळून बसलाय. एकदा इथे येऊन पडू दे त्याला. माफी मागायचीय मला, दुसरं काही नाही."

त्या थंडीत ते झोपेतच गेले. पुढच्या शनिवारी सवयीने माझे पाय बाजाराकडे वळले. शिंपी म्हणाला, "ऊपर बेटा आया है." जिन्यात असतानाच मला वरून आवाज ऐकू आला. खर्र, खर्र. क्षणभर वाटलं, खाली पळावं.

आत मुलगा उभा होता. ऑफिसचे कपडे, पायांत बूट. हातातल्या दोरीचं लोहचुंबक फरशीवर घासत होतं.

"हे कशासाठी असतं, काका?" दात न उघडताच त्याने विचारलं.

मी सांगितलं. त्याने ते सांभाळून टेबलावर ठेवलं आणि कॉटकडे पाहिलं. "खिडकीजवळची, ना? माझी?"

मी लाडवांचा डबा पुढे केला. त्याला तो नियम ठाऊक असावा. मोबाईल आत टाकून तो बुटांसकट आडवा झाला आणि हात पालथा करून माझ्यापुढे धरला. मला कुठल्या सुया लावता येणार? मी नुसते तळहात चोळले आणि अंगठ्याने त्याच्या हातावरचा तो खळगा दाबला. इतक्यात डबा गुरगुरला. तो धडपडून उठायला लागला.

"आता थोडा वेळ ऑफिस तुझ्याशिवाय चालू दे," मी म्हणालो. आवाज माझा होता, वाक्य त्यांचं.

तो पुन्हा टेकला. मग त्याने माझ्या हाताकडे बघितलं.

"बाबांचे हात असेच गरम असायचे?"

"नाही रे, गार. आधी माफी मागायचे. तुझीही मागायची होती त्यांना. आईजवळ पोचायला उशीर केला म्हणून. म्हणून तर बोलवत होते तुला."

त्याचा जबडा सुटला. डोळ्यांतलं पाणी दोन्ही कानांत उतरायला लागलं. मी रुमालाने ते टिपलं आणि उठलो.

"पंख्याची हवा लागतेय वाटतं," मी जरा मोठ्यानेच म्हणालो आणि भिंतीकडे गेलो. "थांब, बंद करतो."