काशीराम गोताड कोल्हापूरला जातो

काशीराम गोताडने मला आयुष्यात दोनदा मागे टाकून गाडी काढली आहे. आम्ही मिरजोळ्यात शेजारी राहतो, मधे कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. माझी सासुरवाडी साखरप्याची, म्हणजे त्याच्याच कोल्हापूर गाडीच्या रस्त्यावरची. दोन्ही वेळा मी स्टँडच्या फाटकापर्यंत पोहोचलो होतो, हात वर केला होता, आणि त्याने मला पाहिलंही होतं. संध्याकाळी गडग्यावरून जाब विचारला तर म्हणाला, "गाडीची वेळ झाली होती." वर आज भाजी कसली केलीत, हेही विचारलं. त्यामुळे या माणसाबद्दल मी फार हळवा होऊन लिहीन अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

एसटीत त्याची तीस वर्षं गेली. त्यातली शेवटची बरीचशी रत्नागिरी-कोल्हापूर मार्गावर. सकाळी सव्वाआठला निघायचं, आंबा घाट चढायचा, पाऊणच्या सुमाराला कोल्हापूर, आणि सव्वा वाजता तीच गाडी परत. वेळेच्या बाबतीत त्याचं नाव डेपोभर होतं. सरपंचासाठी थांबला नाही, डेपोतल्या साहेबांच्या मेव्हण्यासाठी थांबला नाही. लोक शिव्या घालायचे आणि त्याच्या गाडीवर घड्याळंही लावायचे.

त्याची धाकटी बहीण सखू कोल्हापुरात दिलेली. नवरा उद्यमनगरात एका फाउंड्रीत कामाला. काशीराम तिच्या घरी दोनदाच गेलेला, एकदा लग्नानंतर पोचवायला आणि एकदा भाचीच्या बारशाला. पुढे त्यांनी फुलेवाडीला स्वतःचं घर बांधलं, ते त्याने पाहिलंच नव्हतं. रोज कोल्हापूरला जाणारा माणूस, पण त्याचं कोल्हापूर स्टँडच्या फाटकाशी संपायचं. अर्ध्या तासात जेवण, चहा आणि काचेवर एक फडका, बस.

राहता राहिली भाऊबीज. दिवाळीत एसटीवाल्यांना रजा मिळत नाही, उलट जादा गाड्या असतात. भाऊ बहिणीच्या घरी येऊ शकत नाही म्हटल्यावर बहीणच स्टँडवर यायला लागली. घरून तबक झाकून आणायची, रिक्षातून उतरायची आणि फलाटावर गाडीपाशी उभी राहायची. काशीराम खाकी कपड्यांत केबिनच्या पायरीवर बसायचा. पाय ठेवायला जागा नाही एवढी गर्दी, डिझेलचा वास, वर लाउडस्पीकर ओरडतोय, आणि ही बाई निरांजन विझू नये म्हणून पदराचा आडोसा धरून भावाला ओवाळतेय. त्याचे कंडक्टर रशीद मास्तर. त्यांनाही ती शेजारी बसवून ओवाळायची. उतारू कौतुकाने बघायचे. अशा नऊ दिवाळ्या झाल्या.

दहाव्या दिवाळीला तिला उशीर झाला. सव्वा वाजला, रशीद मास्तरांनी शिटी मारून गाडी मागे घेतली, चढले, दोन बेल दिल्या. काशीरामने पहिला गिअर टाकला आणि आरशात पाहिलं. फळांच्या गाड्यांमधून सखू तबक सांभाळत लगबगीने येत होती. पळता येत नव्हतं, निरांजन होतं ना. त्याने तिला पाहिलं. आणि गाडी काढली.

ही गोष्ट त्याने कोणापाशी कबूल केली नाही. रात्री सखूला फोन करून म्हणाला, "आज आली नाहीस गो?" ती म्हणाली, "आले होते. गाडी सुटत होती." तो म्हणाला, "दिसली नाहीस." ती म्हणाली, "बरं."

त्यानंतर ती कधी स्टँडवर आली नाही. भांडण नाही, अबोला नाही. फोन चालू, लग्नाकार्यांत भेटी चालू. दर भाऊबीजेला काशीराम केबिनच्या पायरीवर सव्वापर्यंत बसायचा आणि मग गाडी काढायचा. रात्री फोनवर म्हणायचा, त्या वर्षी खरंच दिसली नाहीस गो. ती म्हणायची, बरं. अशी अकरा वर्षं.

गेल्या वर्षी तो निवृत्त झाला. जुनी पांढरी वॅगनआर घेतली आणि जानेवारीत जाहीर केलं, "फिरून येतो. चिपळूण, पुणं, कोल्हापूर. सगळ्यांना एकदा भेटतो." मी आनंदीवहिनीकडे पाहिलं. ती त्याची बायको, जिभेने तिखट. म्हणाली, "मी नाय जात. ह्यांच्या बहिणीचं ह्यांनीच निस्तरायचं. चांगलं दिसतंय तरी म्हणं दिसली नाय!"

म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. नकाशा काढून बघणाऱ्यालाही ते कळलं असतं. मिरजोळ्याहून कोल्हापूर सरळ चार तासांवर. पण हा माणूस आधी उत्तरेला चिपळूण, मग कुंभार्ली घाट चढून कराड, तिथून पुणं, आणि पुण्याहून खाली कोल्हापूर असा निघाला. जिथे जायचं ते गाव त्याने शेवटी ठेवलं. मुलं पानातली कारल्याची भाजी ठेवतात तशी.

गाडीत तो एकटा. मागे बेल द्यायला कोणी नाही, याची त्याला दोन दिवस सवय होईना. चहाला थांबला की पुन्हा निघताना स्टेअरिंगवर हात ठेवून क्षणभर वाट बघत बसायचा. चिपळुणात त्याने गाडी नेली ती थेट एसटी स्टँडमध्ये. फलाटासमोर उभी केली, उतरला, आणि मग रखवालदार शिटी फुंकत धावत आला. "ओ काका, खासगी गाडी आत नाय आणायची!" काशीराम ओशाळला. परत आल्यावर मला म्हणाला, "गाव म्हटलं की हात तिकडंच वळतात, मी काय करू?"

रशीद मास्तर तिथेच गोवळकोट रोडला मुलाकडे राहतात. गुडघे गेलेत, पण डोकं शाबूत. त्यांच्या बायकोने, रझियाभाभींनी, तांदळाच्या भाकरी आणि सुरमई केली. जेवताना जुन्या गाड्या निघाल्या, जुने साहेब निघाले. काशीरामने कोल्हापूरचा विषय काढला तेव्हा मास्तरांनी हातातला घास खाली ठेवला.

"मी एक बेल दिली होती," ते म्हणाले. एसटीत दोन बेल म्हणजे चल आणि एक म्हणजे थांब, हे वेगळं सांगायला नको. "दोन बेल दिल्यावर मी दारातून बघितलं तिला. दिली बेल. तू थांबला नाहीस."

"ऐकू आली नाय."

"एवढ्या वर्षांत माझी एक बेल तुला ऐकू आली नाही, असं अजून किती वेळा झालं?"

काशीराम भाकरी मोडत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, त्याच दिवशी सकाळी जाताना पालीत एक बाई धावत आली होती. तिच्या पण हातात पिशवी, भाऊबीजेलाच निघालेली असणार. मी थांबलो नाय. मग दुपारी माझ्या बहिणीसाठी कसा थांबू?"

हे मात्र मला पटलं. म्हणजे राग तसाच राहिला, पण पटलं. ज्याने मला टाकलं त्याने निदान स्वतःच्या बहिणीलाही टाकलं होतं.

रशीद मास्तरांनाही पटलं असावं. "हेच तिला सांगितलं असतंस तर?" ते म्हणाले. "थांबला नाहीस ते नोकरीपायी. खोटं बोललास ते कोणापायी?"

भाभींनी मुक्कामाचा आग्रह केला, पण दोनला काशीरामने घड्याळ पाहिलं आणि उठला. घाट उजेडात चढलेला बरा, म्हणाला. मास्तर फाटकापर्यंत आले आणि गाडीच्या टपावर दोन थापा मारल्या. गाडी निघाली.

पुण्यात त्याची मुलगी योगिनी एका कंपनीत आहे. तिथे तो स्वारगेट स्टँडच्या तोंडाशी जाऊन अडकला आणि जावयाला येऊन त्याला सोडवावं लागलं. दोन दिवस राहायचं ठरलं होतं, राहिला एक रात्र. योगिनीने सरळच विचारलं, "बाबा, कोल्हापूर जवळ होतं. आत्याकडे आधी का नाही गेलात?" तो म्हणाला, रस्त्याचं काम चालू आहे म्हणून. दोन मिनिटांनी स्वतःच म्हणाला, "आणखी एक खोटं कशाला सांगू? भीती वाटते." एसटीत तीस वर्षं घाटात गाडी चालवलेला माणूस हे बोलतो याचं तिला एवढं आश्चर्य वाटलं की तिने मला फोन करून सांगितलं. लक्ष्मी रोडवर नेऊन तिने त्याला आत्यासाठी एक अंजिरी रंगाची साडी घेऊन दिली.

बुधवारी दुपारी तो कोल्हापुरात पोहोचला आणि तिथेही स्टँडवरच गेला. या वेळी निदान फाटकाबाहेर थांबला. फुलेवाडी कोणत्या बाजूला हेही त्याला माहीत नव्हतं. फोन लावला.

"सखू, मी आलोय. स्टँडवर हाय."

ती म्हणाली, "किती मिनिटं हायत?"

हे मला सांगताना काशीराम थांबला आणि गडग्यावरचा चिरा नखाने खरवडत बसला. त्याला त्या वाक्याने फार लागलं होतं, तो तसं म्हणालाही. त्याने तिला सांगितलं की मिनिटांचा हिशेब आता नाही, मी रिटायर झालोय, घरी येतोय, रस्ता सांग. तिने सांगितला. तो दोनदा चुकला, एकदा रंकाळ्याला वळसा घालून परत आला. सखू दारात उभी होती. केस बरेच पांढरे झालेले. "आलास व्हय?" म्हणाली आणि पाय धुवायला पाणी दिलं.

नवऱ्याने, म्हणजे दाजींनी, घर फिरवून दाखवलं. पाण्याची टाकी दाखवली, मागची पेरूची दोन झाडं दाखवली. जेवण झालं. सखू वाढत होती, विचारपूस करत होती, सगळं रीतीने. पाहुण्याशी वागावं तसं. शेवटी आवराआवर झाल्यावर, दाजी समोर असतानाच, त्याने सांगून टाकलं.

"सखू, त्या वर्षी तू मला दिसली होतीस."

सखू पुसलेली ताटं फळीवर लावत होती. लावून झाली. मग बसली.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "तू आरशातून मला बघितलंस, मी तुला बघितलं. नजरेला नजर झाली. गाडी गेली त्याचं मला काय नाय, दादा. गाडी वेळेवर जायचीच, तुझा स्वभाव मला काय नवा? मी घरी येऊन हसून ह्यांना सांगणार होते, बघा, माझ्या भावानं मला पण सोडलं नाय. वाटेत चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला करंज्या पण देऊन टाकल्या. आणि रात्री तू फोनवर म्हणालास, दिसली नाहीस."

ती आतापर्यंत कोल्हापुरी बोलत होती, पण आवाज चढला तसा माहेरचा हेल आला. "अकरा वर्षं म्हणतोस तेच! मग मी बघितलं ते काय बघितलं? मी काय येडी झाले होते काय रे?"

काशीरामने पालीच्या बाईचं सांगितलं. ती ऐकत राहिली. "हे तेव्हा का नाय सांगितलंस?" तो म्हणाला, "लाज वाटली." तीस वर्षांत त्याच्या तोंडून हा शब्द मी ऐकलेला नाही. दाजी उठून पेरूच्या झाडांकडे निघून गेले.

मग या शहाण्याने घाई केली. पिशवीतून अंजिरी साडी काढली, तिच्यापुढे ठेवली, पाट ओढला आणि म्हणाला, "ओवाळ आता."

सखूने साडी उलगडून बघितली, काठ बघितला, पुन्हा घडी घातली आणि पिशवीत ठेवली. "आज बुधवार हाय," ती म्हणाली. "पौष महिना. आज आलास तो पाव्हणा म्हणून, राहा चार दिवस. भाऊ म्हणून भाऊबीजेला ये. आणि आता स्टँडवर मी यायची नाय."

तो दोन दिवस राहिला. शुक्रवारी आंबा घाट उतरून घरी आला आणि साडी कपाटात वरच्या खणात ठेवली. आनंदीवहिनी म्हणाली, "बरी जिरवली." पण पुढे महिनाभर रोज रात्री नणंदेशी फोनवर बोलायला लागली, तेही खरं.

पावसाळा गेला, भात कापून झालं, आणि काशीरामचं सुरू झालं. रोज गडग्याशी यायचा. भाऊबीजेला घाटात गर्दी असते ना? मी म्हटलं, असते. मग आदल्या दिवशी निघावं का? मी म्हटलं, नीघ. पण घाटात दरड असली तर? गाडी बंद पडली तर? मी वैतागून म्हटलं, मग काल निघायला हवं होतंस. तो गंभीरपणे विचार करू लागला.

तो वसुबारसेलाच निघाला. पहाटे पाचला, साडी मागच्या सीटवर आणि शेजारी कोणी नाही. या खेपेला स्टँडच्या बाजूला वळलाही नाही, थेट फुलेवाडी. सखू अंगणात भाजणी चाळत होती. गाडी बघून ती उभी राहिली, पिठाचे हात तसेच.

"एवढ्या लवकर? दादा, भाऊबीजेला अजून पाच दिवस हायत!"

काशीरामने चावी खिशात टाकली आणि पायरीवर बसला.

"असू दे गो," तो म्हणाला. "ह्या टायमाला वाट मी बघतो."