सुभानच्या खिशातला कांदा

सुजाता, राहुल — हे मी परवापर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. तुमच्या आजोबांनाही नाही. ते गेले तेव्हा मी उशाशी बसले होते, तेव्हाही तोंड उघडलं नाही. आता लिहिते आहे, कारण गेल्या आठवड्यात सुजाताचा फोन आला. तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं होतं, बाळाच्या घराण्यात कुणाला काही आजार? सुजाता मला म्हणाली, "आजी, बाबांना लहानपणी फिट आली होती ना गं? किती वर्षांचे होते ते तेव्हा?"

मी म्हणाले, रेंज नाही बाळा, आवाज तुटतोय.

आवाज अगदी स्वच्छ येत होता.

फोन ठेवला आणि लक्षात आलं — हे आता जन्माला न आलेल्या बाळापर्यंत पोचायला निघालं आहे. मग मी आणखी किती दिवस रेंज नाही म्हणणार?

तुम्हाला तुमची आजी ठाऊक आहे. डब्यांवर नावं लिहिणारी, औषधांच्या बाटल्या उंचीनुसार लावणारी. केजच्या शाळेत इंग्रजी शिकवताना मुलांना पाठ होत नसलेली कविता मी स्वप्नातही तपासत असे. तशाच शिस्तीने मी तुमच्या बाबांसाठी — मिलिंदसाठी — नोकरी शोधली. त्याने नव्हे, मी शोधली. जाहिराती मी कापायची, अर्ज मी लिहायची, घाई असेल तर त्याची सहीसुद्धा मीच करायची. मुलाखतीला बरोबर जाऊन डबा मांडीवर घेऊन बाहेर बसायची. एकदा साहेबांनी आतून त्याला विचारलं, तुमचा आवडता विषय कोणता? मी दारातून उत्तर दिलं. साहेब हसले. मिलिंद हसला नाही. ती नोकरी काही मिळाली नाही, आणि घरी येताना एसटीत तो माझ्याशेजारी न बसता ड्रायव्हरमागे उभा राहिला.

त्यातून मी काही शिकले का? नाही.

मग पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी गेला. विहिरी आटल्या, आणि दक्षिणेकडून बोअरच्या गाड्या आल्या. ज्या शेतात गाडी उभी राही तिथे जत्रेसारखी माणसं जमत. मिलिंद आयटीआय झालेला. तो रोज त्या गाडीच्या मागे. घरी आला की दगडाच्या धुळीने भुवयांपर्यंत पांढरा, आणि डोळे चमकत असत. एक दिवस जेवताना म्हणाला, "आई, मी गाडीवर जातो. त्यांना माणूस पायजे. आठ महिने कर्नाटक, आंध्र, जिथं गाडी जाईल तिथं." ही त्याने स्वतः शोधलेली पहिली नोकरी. मला न विचारता, माझ्या अर्जाशिवाय.

तो पांढरा रंग मला बघवत नव्हता. माझ्या आईने दुष्काळी कामावर खडी फोडली होती. संध्याकाळी तिच्या केसांतून तीच धूळ मी फणीने काढत असे. आपल्या घराने खुर्चीवर बसायला किती पिढ्या घालवल्या, आणि हा पोरगा पुन्हा दगडाकडे चाललेला. पण आईला यात ओढू नये. तिने मला खोटं बोलायला शिकवलं नव्हतं. खरं सांगायचं तर, मला त्याची निवड नको होती. माझी हवी होती. सहकारी साखर कारखान्यात भरती निघणार होती, आणि मी तिथे त्याच्यासाठी जागा मनातल्या मनात झाडून-पुसून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी केजच्या स्टँडजवळ एका टायरच्या दुकानात गेले. बोअरचा मॅनेजर तिथेच बसायचा. तमिळ माणूस, मराठी येत नसे, मोडकं हिंदी बोलायचा. मला बघून उठून उभा राहिला. म्हणाला, मुलगा फार चांगला आहे तुमचा, सोमवारपासून घेतो आहे. आणि मी — इस्त्रीचं पातळ नेसलेली, शाळेतली बाई — त्याला इंग्रजीत सांगितलं, की त्याला फिट येते. आम्ही लपवतो. मशीनवर असताना काही झालं तर तुमच्यावर येईल, म्हणून सांगायला आले.

वरून माझेच आभार मानले त्याने.

मी मुद्दाम इंग्रजीत बोलले होते. दुकानातल्या कुणाला कळणार नाही हा माझा हिशोब. पण फिट हा शब्द आपल्याकडे कुणाला कळत नाही? टायरचं पंक्चर काढत सुभान बसला होता — मिलिंदचा शाळेपासूनचा दोस्त, माझा विद्यार्थी. त्याने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. बाहेर आणखी दोघे-तिघे होते.

मॅनेजरने मिलिंदला सांगितलं, जागा भरली. मी त्याच्या आवडीचं पिठलं केलं.

मग कारखान्याच्या मुलाखतीचा दिवस आला. मी त्याच्या शर्टाला इस्त्री करत होते. तो दारात उभा राहून म्हणाला, "आई, मला फिट येते का गं? लोक म्हणतेत. सुभान खिशात कांदा घेऊन फिरतोय, फिट आली तर नाकाला लावायला. मी म्हणलं, येडा का बे तू? तर रडायलाच लागला."

इथे थांबता आलं असतं. फक्त ‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं. त्याने माझ्यावर रागावून घर सोडलं असतं, गाडीवर गेला असता — एवढंच ना? पण मी इस्त्री उभी केली आणि म्हणाले, "लहानपणी एकदा आली होती. तापात." वर तपशील दिले: कोणता दवाखाना, डॉक्टर काय म्हणाले. खोटंही नीटनेटकं बोलायची सवय.

"मग आजवर सांगितलं न्हाईस कावून?" एवढंच तो म्हणाला. आणि त्याने विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? मी त्याची आई होते.

कारखान्यात त्याला मिलमध्ये मशीनवर जायचं होतं. पण ती गोष्ट आमच्याआधी तिथे पोचली होती. तिथले साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, पोरगं लई हुशार हाय. पण आमी ऐकलंय ते. मशीनपाशी न्हाई उभं करता येणार. ऑफिसात बसून काम देतो." तेव्हाही मी खरं बोलू शकले असते. मी हात जोडले. खुर्ची मिळाली होती ना.

त्या खुर्चीवर तो कारखाना बंद पडेपर्यंत बसला. जेवणाच्या सुट्टीत मिलच्या दाराशी जाऊन उभा राहायचा, आत जायचा नाही, हे मला सुभानने सांगितलं. मोटारसायकल त्याने कधी घेतली नाही. लग्न ठरवताना मुलीकडच्यांना आधीच सांगायचा, मला असं आहे. दोन घरांनी नकार दिला. तुमची आई म्हणाली, असू दे. तिच्याशीही मी खोटीच राहिले.

आणि आपल्या गावची, नांदूरघाटची विहीर आठवते? ज्या वर्षी पाणी असे त्या सुट्टीत तुम्ही पोहायचात आणि बाबा पायऱ्यांवर बसायचे, टॉवेल सांभाळत. त्या विहिरीत त्याच्याइतका लांब सूर मारणारं गावात कुणी नव्हतं, हे तुम्हाला कसं माहीत असणार? राहुल, तू एकदा ओरडलास, "बाबा घाबरट!" सगळे हसले. तोही हसला. मी काठावरच होते, शेंगा सोलत. मान वर केली नाही.

तुम्हाला ताप आला की तो तुमच्या हातापायांकडे बघत बसायचा. त्याला काय दिसेल अशी भीती वाटत होती ते मला कळायचं; ती भीती निराधार आहे, हे फक्त मला माहीत होतं.

हे तुम्हाला कळवण्याआधी त्याला सांगायला हवं, एवढं तरी मला कळलं. परवा सकाळी सांगितलं. तो अंगणात तूर पाखडत होता. सगळं ऐकून घेतलं. सूप हातातच. मग म्हणाला, "एकदाबी न्हाई?"

"एकदाही नाही."

त्याने सुपातले दोन खडे वेचून टाकले. मग त्याने विचारलं, "आणि ते बोअरवाले? मला घेणार होते?"

"घेतलं होतं," मी म्हणाले. "सोमवारपासून."

त्याने मान हलवली आणि पुन्हा पाखडायला लागला. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. चहा मात्र आणून देतो, पूर्वीसारखाच, साखर न ढवळता.

सुजाता, तुझ्या डॉक्टरांना सांग, घराण्यात तसं काही नाही. तुझ्या बाबांना फिट कधीच आली नव्हती. तुम्हा दोघांच्या रक्तात माझं हे खोटं नाही.

सुभानलाही मी काल घरी बोलावून सांगितलं. तो आता म्हातारा झाला आहे, दाढी पांढरी. माझ्याकडे बघितलं नाही. मिलिंदला घेऊन बाजाराला निघाला होता. निघताना सवयीने खिसा चाचपला. मी म्हणाले, अरे, आता कशाला? तर म्हणाला, "राहू द्या बाई. आदत हाय."

बोअरची गाडी गेली, कारखाना भंगारात गेला. सुभानच्या खिशात कांदा अजून असतो.