जर्मन बाई आणि मारवा

दुष्काळाच्या वर्षी उदगीरला एक जर्मन बाई राहायला आल्या. त्यांचे यजमान बोअर पाडणाऱ्या मशीनबरोबर गावोगाव फिरायचे. बाई स्वतः त्यांच्या देशात कॉलेजात संगीताचं शास्त्र शिकवायच्या. कोणत्या सुरानंतर कोणता सूर का येतो, यावर त्या पुस्तक लिहून राहिल्या होत्या. पण लिहिण्यात मन लागत नसे. सकाळी टेबलाशी बसायच्या आणि दुपारी भर उन्हात बाजारभर हिंडायच्या. शेवटी हिंडत हिंडत मुलींच्या शाळेत आल्या. मी तिथं गाणं शिकवायची.

"ह्यांना तुझ्या वर्गात बसू दे," आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या. "घरात लई घुसमटून राहिल्यात."

त्या रोज येऊ लागल्या. माझ्या मोडक्या इंग्रजीवर आमचं भागायचं. माझ्या पेटीवर त्या नी हा सूर दाबून थांबायच्या आणि म्हणायच्या, "ऐका, याला घरी जायचंय." मग सा वाजवायच्या. मुलींना ते लगेच पटलं.

एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी त्यांना मारवा ऐकवला. या रागात गाणारा सा टाळत राहतो. त्या उठून खिडकीशी गेल्या आणि परत आल्या.

"सा कधी येणार?"

"येईल. त्याला घाई नाही."

"पण इतका वेळ बाहेर राहायचं कसं?" त्यांचा आवाज चढला होता. मी गाणं थांबवलं.

मग त्यांनी सांगितलं. त्या लहान असताना, लढाई संपता संपता, त्यांच्या घरच्यांना गाव सोडावं लागलं. ते गाव आता दुसऱ्याच देशात होतं.

"प्रत्येक सूर घरी जातो, असं मी इतकी वर्षं शिकवत आले," त्या म्हणाल्या. "मला ते कुणी सांगितलं होतं?"

त्यांनी पेटी माझ्याकडे सरकवली. "पुन्हा गा."

पुढं पाऊस झाला, मशीन दुसऱ्या भागात गेलं आणि त्याही गेल्या, पुढं आपल्या देशी परतल्या. मला मात्र गाताना चैन पडेना. सा लागला की वाटायचं, आपण उगाच लवकर आलो.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा माझी बदली तिथं झाली होती. रस्ते खणून ठेवलेले, कचेऱ्यांसाठी रोज कुठली तरी इमारत रिकामी होत होती. त्या धुरळ्यात जर्मन बाई पुन्हा भारतात आल्या, मला शोधत. मी पुस्तकाचं विचारलं.

"अर्ध्यावर सोडलं. कॉलेजातले नाराज झाले. आता लहान मुलांना शिकवते."

"मारवा?"

"नाही, त्यांचीच गाणी. शेवटच्या सुराआधी थांबते आणि विचारते, आता कुठं जायचं? कुणी वर जातं, कुणी खाली. एक पोरगी म्हणाली, मी कुठंच जात नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, बरं. मग गाणं तिथंच संपवलं."

त्यांना ते बरोबर वाटलं का, हे मी विचारलं नाही. त्यांनाही सांगता आलं नसतं.